दोघांनी बोट चालवत दोन समुद्रांमधला प्रवास : दक्षिण फ्रान्सच्या कालव्यांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भूमध्य समुद्राच्या काठापासून निघून बोटीनं थेट अटलांटिकच्या दिशेनं जाता येतं, तेही समुद्रात न उतरता. थो या खाऱ्या सरोवरापासून तुलूझपर्यंत २४० किलोमीटरचा कानाल द्यू मिदी, आणि तुलूझपासून कास्तेत-आं-दोर्तपर्यंत १९३ किलोमीटरचा, गारोन नदीला समांतर जाणारा कालवा. पहिला १६८१ साली खुला झाला, दुसरा १८५६ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही मिळून ४३३ किलोमीटर. बोट भाड्यानं घेऊन, फक्त दोघांनी, कुणा खलाशाशिवाय हा प्रवास करता येतो. आम्ही नवराबायको असे कालव्यांवर फिरतो. पहिल्यांदा जाणारे लोक नेहमी एकच चुकीचा प्रश्न विचारतात, "दिवसाला किती किलोमीटर होतात?" विचारायला हवं ते "दिवसाला किती लॉक होतात?" असं. हा लेख बराचसा त्याच प्रश्नाभोवती आहे.

आधी हिशेब

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, पातळी जुळली की पुढचा दरवाजा उघडतो. लागतं ते फक्त उतारानं वाहणारं पाणी. बोट उचलायला पंप लागत नाही.

एकट्या बोटीला, सगळं सुरळीत असेल तर, एका लॉकला पंधरा ते वीस मिनिटं धरा. समोरून बोटी येत असतील तर अर्धा तास सहज जातो. मिदी कालव्यावर वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे. काठाला बांधलेल्या बोटी, पूल आणि वळणं यांमुळे प्रत्यक्षात ६ ते ७ च पडतात. आता अंदाज बांधा. दोन्ही कालव्यांवर मिळून शंभराहून अधिक लॉक आहेत. निव्वळ चालण्याचे सत्तरेक तास आणि लॉकचे तीस ते चाळीस. रोज पाच तास बोट चालवायची म्हटलं तर तीन आठवडे हवेत, आणि मध्ये कार्कासोनसारखं गाव नीट बघायचं असेल तर चार. एक आठवडा असेल तर मिदीचा एखादा तुकडाच घ्या. सगळं अंतर उरकायला निघालेली जोडपी तिसऱ्या दिवसापासून एकमेकांवर खेकसायला लागतात, हे काठावरून कितीदा तरी पाहिलं आहे.

पहिला तुकडा कोणता घ्यावा, तर माझं मत ठाम आहे : बेझिये शहराच्या पश्चिमेचा लांब पट्टा. इथे तब्बल ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा डोंगरउताराच्या एकाच उंचीवरून नागमोडी जातो. याच पट्ट्यात मालपाचा बोगदा लागतो, १६७९ सालचा, म्हणजे बोटींसाठी खणलेल्या अगदी सुरुवातीच्या बोगद्यांपैकी एक. सुकाणूवर हात बसायला आणि बोटीच्या सवयी कळायला यापेक्षा चांगली जागा नाही. लॉकला भिडायचं ते त्यानंतर.

कागदपत्रं आणि मोसम

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. महिन्याभराच्या प्रवासाला ते पुरतं. भाड्याच्या बोटीला फ्रान्समध्ये वेगळा परवाना लागत नाही. कंपनी निघण्यापूर्वी प्रात्यक्षिक देते आणि त्या भाडेकरारापुरतं एक तात्पुरतं कार्ड देते. हे प्रात्यक्षिक कधी कधी घाईत उरकलं जातं. तुम्ही उरकू देऊ नका. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची जाळी कुठे आहे, ती कशी साफ करायची, गॅस कुठून बंद होतो, बॅटरीचा मुख्य स्विच कोणता, पिण्याचं पाणी कुठून भरायचं, हे सगळं दोघांनीही स्वतःच्या हातानं करून बघा. एकाला माहीत आहे म्हणजे झालं, असं बोटीवर चालत नाही.

स्वतःची बोट असेल तर गोष्ट वेगळी. चालवणाऱ्याकडे अंतर्गत जलमार्गांसाठी ग्राह्य असलेला परवाना हवा, आणि फ्रान्सच्या जलमार्ग प्राधिकरणाचा, म्हणजे व्हीएनएफचा टोल भरावा लागतो. तो बोटीच्या आकारावर आणि मुक्कामाच्या काळावर ठरतो. भाड्याच्या बोटीत तो धरलेला असतो. डिझेल मात्र बहुतेक ठिकाणी वेगळं, इंजिन चाललेल्या तासांवर आकारलं जातं. करार वाचताना अनामत रक्कम, तिचा विमा, आणि एका तळावरून बोट घेऊन दुसऱ्यावर सोडायचा आकार, या तीन ओळींवर बोट ठेवून विचारा.

हिवाळ्यात कालवे दुरुस्तीसाठी बंद असतात, काही भाग तर चक्क रिकामे करतात. मोसम साधारण मार्चअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये लॉकपाशी रांगा लागतात, ऊन कडक असतं. मे-जून किंवा सप्टेंबर हेच महिने खरे. १ मे हा कामगार दिन असतो आणि त्या दिवशी लॉक बंद. तो दिवस एखाद्या गावात घालवायचा असं आधीच ठरवून ठेवा. दुपारी जेवणाच्या वेळेतही अनेक लॉक तासभर थांबतात. बाराला दहा मिनिटं कमी असताना घाईघाईनं लॉक गाठायचा प्रयत्न करू नका, काठाला लावा आणि तुम्हीही जेवून घ्या.

कोण काय करणार

बहुतेक जोडपी न बोलता वाटणी करतात : पुरुष सुकाणूवर, बाई दोर घेऊन. मला ही वाटणी उलटी वाटते. सुकाणूला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. दोर मात्र ओढावे लागतात, ओल्या दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, कधी दहा-बारा टनांची बोट हातानं धरून ठेवावी लागते. ज्याच्या खांद्यात आणि गुडघ्यांत जास्त बळ आहे त्यानं दोर घ्यावा. आमच्याकडे सुकाणू माझ्याकडे असतं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत अदलाबदल करून दोघांनी दोन्ही कामं शिका. बोटीवर फक्त दोघं असताना एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याला बोट काठाला लावता आलीच पाहिजे.

इंजिनाच्या आवाजात पंधरा मीटरवरचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगितलेलं रागानं सांगितल्यासारखं ऐकू येतं. म्हणून हातवारे ठरवा. पाचच पुरेत : पुढे, मागे, न्यूट्रल, दोर धरला, आणि "थांब, काहीतरी बिनसलंय". निघण्यापूर्वी चहा घेताना एकमेकांना करून दाखवा. एक नियमही ठरवा : लॉकच्या आत सूचना फक्त सुकाणूवरचा माणूस देईल. पटलं नाही तर बाहेर पडल्यावर बोला.

बोटीला ब्रेक नसतो हे सगळे ऐकतात, पण हाताला ते उशिरा कळतं. थांबायचं तर मागचा गिअर टाकायचा, आणि मागच्या गिअरमध्ये सुकाणू जवळपास काम करत नाही, उलट पाण्याखालच्या पंख्याच्या फिरण्यामुळे बोटीचं मागचं टोक एका बाजूला सरकतं. कोणत्या बाजूला, हे प्रत्येक बोटीचं वेगळं. पहिल्या दिवशी रुंद, मोकळ्या जागी मागचा गिअर टाकून बघा आणि ती बाजू लक्षात ठेवा. पुढे काठाला लावताना तीच सवय तुमच्या उपयोगी पडते : मागचं टोक ज्या बाजूला सरकतं त्या बाजूनं काठाला लागायचं. वारा असेल तर या उथळ तळाच्या, उंच केबिनच्या बोटी पाण्यापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकतात.

लॉक चढताना

मिदीच्या दोन्ही बाजूंनी वाट आधी चढते. कालव्याचा माथा नोरूझला, समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर आहे. ज्यानं हा कालवा बांधला त्या प्येर-पॉल रिके याच्यापुढचं मोठं कोडं हेच होतं : माथ्यावर पाणी आणायचं कुठून? कारण प्रत्येक बोटीमागे लॉकभर पाणी खाली निघून जातं. त्यानं काळ्या डोंगरातले ओढे वळवून नोरूझला आणले आणि सां-फेरेओलचं धरण बांधलं. आजही लॉककीपर तुम्हाला "थांबा, मागून दोन बोटी येताहेत" असं सांगतो, तेव्हा तो हेच पाणी वाचवत असतो. कुरकुर करू नका. मिदीच्या एका लॉकमध्ये तीन-चार बोटी मावतात.

आता एक लॉक सावकाश करू. लॉकच्या खाली काठावर उतरायला धक्का असतो. तिथे बोट टेकवा, दोर सांभाळणाऱ्याला उतरू द्या. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं. अंतर जास्त वाटलं तर पुन्हा फिरवून आणा. तो पायऱ्या चढून लॉकच्या कडेला जाऊन उभा राहतो. लाल दिवा असेल तर बाहेर थांबा. लाल आणि हिरवा एकत्र म्हणजे लॉक तयार होतंय. नुसता हिरवा दिसला की आत. दोन लाल दिवे एकत्र दिसले तर लॉक बंद आहे, वाट बघण्यात अर्थ नाही.

दरवाज्यातून शिरताना इंजिन अगदी मंद, पण गिअरमध्ये. गिअर काढला की सुकाणू सुटलं. पुढचा दोर वर टाका. वरचा माणूस तो खुंट्याला वेढा देऊन आपल्या हातात धरतो. मागचा दोर खुंट्यामागून फिरवून परत बोटीत, सुकाणूवरच्याच्या हातात. दोन्ही खुंटे शक्यतो बोटीच्या थोडे पुढे आणि थोडे मागे निवडा, अगदी समोरासमोरचे नकोत.

इथे मिदीचं एक वैशिष्ट्य आड येतं. सुरुवातीला सरळ भिंतींचं एक लॉक मातीच्या दाबानं ढासळलं, तेव्हा रिकेनं पुढचे लॉक लंबगोल बांधले. कमानीसारखी बाहेर फुगलेली भिंत दाब पेलते. साडेतीनशे वर्षं ती तशीच उभी आहे. पण तुमची बोट सरळ आहे. ती त्या गोल भिंतीला सगळ्या लांबीनं टेकत नाही, त्यामुळे पाणी आलं की डोलते आणि टोकं फिरतात. रबरी फेंडर, म्हणजे धक्के झेलायला बोटीच्या बाजूला लटकवलेल्या गाद्या, या हिशेबानं लावा, मधल्या भागात आणि कोपऱ्यांवर.

मग झडपा उघडतात. पुढच्या दरवाज्याखालून पाणी उसळून येतं, पांढरं, आवाज करत, आणि बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, धक्का देऊन मागे ढकलतं. पहिली दोन मिनिटं हीच कसोटीची. पुढचा दोर ताठ राहिला तर बोट जागेवर राहते, सैल पडला तर नाळ आडवी फिरते आणि समोरच्या भिंतीवर किंवा शेजारच्या बोटीवर जाते. वरच्या माणसानं सतत ढील ओढून घ्यायची : बोट इंचाइंचानं वर येते, दोर इंचाइंचानं हातात येतो. लॉकमध्ये दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही. हातालाही गुंडाळायचा नाही. दोर आणि खुंटा यांच्या मधे हाताचं बोट सापडलं तर ते जातं. हात-पाय भिंत आणि बोट यांच्या मधे घालून बोट अडवायची नाही, त्यासाठीच फेंडर आहेत.

बेझियेचं फोन्सरान म्हणजे एकाला एक जोडलेल्या लॉकची उतरंड. सुमारे ३०० मीटरमध्ये २१.५ मीटर चढ. वर जाण्याच्या आणि खाली येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. इथे वरचा माणूस दोर हातात घेऊनच एका हौदाकडून पुढच्या हौदाकडे चढत जातो आणि बोट त्याच्या मागोमाग. बघे भरपूर असतात, फोटो निघतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, पुढच्या खुंट्याकडे द्या.

लॉक उतरताना

नोरूझनंतर वाट तुलूझकडे आणि पुढे गारोनच्या बाजूनं सगळी उतारच. उतरणं सोपं असतं. पाणी शांतपणे खाली जातं, दोघंही बोटीतच राहू शकतात. दोर खुंट्यामागून फिरवून दोन्ही टोकं हातात ठेवायची आणि बोट खाली जाईल तसतशी ढील द्यायची. शेवटी एक टोक सोडून दुसरं ओढलं की दोर सुटून येतो.

पण सगळ्यात गंभीर धोका उतरतानाच असतो. वरच्या दरवाज्याच्या पायथ्याशी दगडी उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली, न दिसणारा. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, आणि बोटीचं मागचं टोक त्यावर आलेलं असेल तर ते तिथेच टेकून राहतं आणि नाळ खाली जात राहते. म्हणून उतरताना बोट पुढे ठेवा. भिंतीवर उंबऱ्याची रेघ रंगवलेली असेल तर मागचं टोक तिच्या बरंच पुढे हवं. तसंच दोर अडकून आवळला गेला तर बोट भिंतीला लटकते. धारदार चाकू सुकाणूपाशी हाताशी असू द्या, खणात नको.

काही चुकलं असं वाटलं की लॉककीपरला हाक मारा. स्वयंचलित लॉकमध्ये आणीबाणीचं लाल बटण किंवा लाल दांडी असते. आत शिरताना ती कुठे आहे हे आधी डोळ्यांनी शोधायची सवय लावून घ्या. कुणी पाण्यात पडलं तर पहिलं काम म्हणजे इंजिन न्यूट्रलला टाकून बंद करणं, कारण पाण्यात खरा घात करतो तो पंखा. लाइफ जॅकेट लॉकमध्ये दोघांनीही घालायचं, पोहता येत असलं तरी.

गारोनच्या बाजूचे स्वयंचलित लॉक

या कालव्यावर ५३ लॉक आहेत आणि ते बहुतेक तुम्हीच चालवता. लॉकच्या बरंच आधी पाण्यावर एक दांडी लोंबत असते. सुकाणूवरच्यानं बोट तिच्याखाली सावकाश न्यायची, दुसऱ्यानं दांडी धरून पाव वळसा पिळायची. ओढायची नाही. दिवा लुकलुकला म्हणजे लॉकला कळलं. आत जाऊन दोर लावून झाल्यावर, काठावरचं बटण दाबलं की चक्र सुरू होतं. दोर नीट लागलेत याची एकमेकांना खूण दिल्याशिवाय बटण दाबू नका.

गारोनचे लॉक सरळ भिंतींचे आहेत, लंबगोल लॉकनंतर ते फार सोपे वाटतात. आजां गावाजवळ कालवा दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो, ५३९ मीटर लांब. खाली नदी वाहते आणि वर तुमची बोट. पूल एकेरी आहे, शिरण्याआधी पलीकडे नजर टाका.

मुक्काम

बंदरात वीज, पाणी, आंघोळीची सोय मिळते, थोडे युरो मोजून. दोन-तीन रात्रींतून एकदा बंदर पुरतं. बाकी रात्री काठाला, लोखंडी खुंट्या ठोकून. वळणावर, पुलाखाली, लॉकच्या तोंडाशी लावू नका. काठावरच्या वाटेवर सायकली धावतात, दोर वाटेच्या आड येणार नाही हे बघा. रात्री बोट चालवायला मनाई आहे, तेव्हा उजेड असताना जागा शोधा.

झाडाला दोर बांधू नका. मिदीच्या दोन्ही काठांची चिनाराची प्रचंड झाडं एका बुरशीनं मरत आहेत. २००६ मध्ये ती या कालव्यावर आढळली, आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. दोरानं साल खरवडली की बुरशीला वाट मिळते आणि बोटीबरोबर ती पुढच्या झाडापर्यंत पोचते. ज्या सावलीसाठी लोक तिथवर जातात, ती राखणं आपल्याच हातात आहे.

रोज सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं : तेल बघा, थंड पाण्याची जाळी साफ करा (शेवाळ आणि पानं तिथेच अडकतात), बाहेर फेकल्या जाणाऱ्या पाण्याची धार चालू आहे ना बघा. धार थांबली तर इंजिन लगेच बंद. केबिनमध्ये गॅस किंवा हीटर वापरताना खिडकी किलकिली ठेवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय का ते बटण दाबून पाहा.

उत्तरेकडून स्वतःच्या बोटीनं येणार असाल तर

सोन आणि ऱ्होन या नद्यांवरून दक्षिणेला उतरता येतं. पण ऱ्होनला नवख्यांनी कमी लेखू नये. लियॉनपासून समुद्राकडे १२ अजस्र लॉक आहेत, त्यांतलं बोलेनचं तर २० मीटरहून खोल. तिथे दोर तरंगत्या खुंट्यांना लावायचा, ते पाण्याबरोबर खाली सरकतात. मालवाहू जहाजांना पहिला मान. रेडिओ हवा, लाइफ जॅकेट सक्तीचं. पावसानंतर प्रवाह जोरात असतो, आणि उत्तरेचा मिस्त्राल वारा सुटला की दोन-तीन दिवस बंदरात बसून काढावे लागतात. पुढे धाकटी ऱ्होन या नदीच्या फाट्यातून सेत बंदराकडे जाणाऱ्या कालव्यात, आणि मग थोच्या सरोवरात. हे सरोवर उघडं आहे, लाट लहान पण आखूड आणि टोचरी उठते. सकाळी, वारा पडलेला असताना ओलांडा. भाड्याच्या बोटींना वारा असेल तर तिथे जाऊच देत नाहीत.

दुसऱ्या टोकाला, कास्तेतला, शेवटच्या लॉकपलीकडे गारोन नदी भरती-ओहोटीची आहे. भाड्याची बोट तिथे न्यायची नसते. आदल्या संध्याकाळी शेवटच्या तळाच्या जवळ मुक्काम करा, टाक्या आणि केबिन आवरून ठेवा, इंजिनाच्या तासांच्या मीटरचा फोटो काढून ठेवा, आणि बोटीला कुठे ओरखडा गेला असेल तर तो ताब्यात देताना स्वतःहून दाखवा.